प्रक्षेपाची नवी वाट : कृत्रिम कळघटना आणि खानदेशी बोलींची संहिता

१

संहितेच्या अभ्यासाचा आरंभ एका साध्या प्रश्नापासून होतो. समोर दिसणारे अक्षर कोणाच्या हातचे आहे? पोथीच्या काळी या प्रश्नाचे उत्तर लेखनिकाच्या वळणात, शाईत आणि समाप्तिलेखात शोधले जाई. मुद्रणाच्या काळात जुळारी, मुद्रितशोधक आणि संपादक अशा तीन हातांचा वेध घ्यावा लागे. संगणकीय संहितेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. पडद्यावर अक्षर उमटले म्हणजे कोणीतरी कळ दाबली असणार, आणि ज्याने कळ दाबली तोच त्या अक्षराला जबाबदार, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. कोणाचेही बोट न लागता कळ दाबली गेल्याची वार्ता संगणकाला देता येते, माउस न हलवता दर्शक हलवता येतो, आणि ज्या आज्ञावलीत मजकूर लिहिला जात आहे तिला बहुधा या दोहोंतला भेद कळत नाही.

ही सोय संगणकतज्ज्ञांच्या चर्चेपुरती मर्यादित असती तर मराठीच्या अभ्यासकांनी तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अहिराणी, लेवा गणबोली इत्यादी बोलींचे साहित्य मौखिक परंपरेतून थेट संगणकावर येण्याच्या या काळात तिचा संबंध संहितेच्या विश्वसनीयतेशी येतो. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे तर बोटाविना घडवलेली कळघटना ही प्रक्षेपाची नवी वाट आहे. जुन्या प्रक्षेपाला ओळखण्याची साधने मराठी आणि संस्कृत पाठचिकित्सेने परिश्रमपूर्वक निर्माण केली. या नव्या प्रक्षेपाला ओळखण्याची तजवीज आधीच करून ठेवली नाही, तर तो नंतर कोणालाही ओळखता येणार नाही, हे येथील प्रतिपादन आहे.

२

प्रतिपादनाची यथार्थता पटण्यासाठी यंत्रणेचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. उदाहरणादाखल एक्स विंडो सिस्टिम ही व्यवस्था घेता येईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये तिचा आरंभ झाला आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. युनिक्स आणि पुढे लिनक्स या प्रणालींवर अनेक वर्षे चित्रमय पडद्याचा कारभार प्रामुख्याने तिनेच सांभाळला. या व्यवस्थेत पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा ‘सर्व्हर’ नावाच्या एका आज्ञावलीकडे असतो. इतर सर्व आज्ञावल्या, मग ती पत्र लिहिण्याची असो वा चित्र काढण्याची, या सर्व्हरच्या आश्रित होत. त्या आश्रितांनी सर्व्हरशी कसे बोलावे याचे नियम ज्या आज्ञासंग्रहात बांधले आहेत त्याचे नाव एक्सलिब.

टंकलेखकाने कळ दाबली की सर्व्हर ‘घटना’ नावाचे एक छोटे टिपण तयार करतो आणि संबंधित खिडकीकडे पाठवतो. कोणती कळ, कोणत्या क्षणी, शिफ्टसारखी जोडकळ दाबलेली होती की नाही, दर्शक त्या वेळी पडद्यावर कोठे होता, एवढा तपशील त्यात असतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की टिपणात अक्षर नसते. त्यात असतो तो कळीचा क्रमांक. हा क्रमांक ८ ते २५५ यांच्या दरम्यान कोठेतरी असतो. त्या क्रमांकाचा अर्थ ‘क’ की ‘ख’, हे स्वतंत्र तक्त्यावरून ठरते. म्हणजे कळ ही नुसती खूण आहे आणि अक्षर हे त्या खुणेचे वाचन आहे.

‘जळगाव’ हा शब्द घ्यावा. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठी प्रमाण ठरलेल्या कळफलकावर त्यासाठी ज, ळ, ग, काना आणि व अशा पाच खुणा लागतात. ‘ळ’साठी शिफ्ट दाबावी लागते. प्रत्येक कळ दाबल्याची एक आणि सोडल्याची एक अशा घटना मोजल्या तर या शब्दासाठी १२ घटना होतात. ‘धुळे’ या शब्दात खुणा चारच, परंतु ‘ध’ आणि ‘ळ’ या दोहोंना शिफ्ट लागत असल्याने घटना पुन्हा १२. शिफ्ट सोडल्याची एकच घटना हरवली, तर ‘जळगाव’मधील ‘ग’चा ‘घ’ होतो आणि कान्याच्या जागी ‘आ’ येतो. लेखनिकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरावी, तसा हा यंत्राचा दृष्टिदोष होय.

अशा घटना बोटाशिवाय घडवण्याचे दोन प्रमुख मार्ग या व्यवस्थेत आहेत. पहिला मार्ग एक्ससेंडइव्हेंट या आज्ञेचा. तिच्या साह्याने एक आज्ञावली दुसरीच्या खिडकीकडे हवी ती घटना पाठवू शकते. मात्र अशी घटना पोहोचवताना सर्व्हर तिच्यावर एक खूण न चुकता उमटवतो. ही घटना यंत्रातून उपजलेली नसून कोणा आश्रिताने पाठवलेली आहे, असे ती खूण सांगते. पाठवणाऱ्याला ती पुसता येत नाही. एक्सटर्मसारख्या आज्ञावल्या सुरक्षिततेसाठी अशी खूण असलेल्या कळघटना मुळातच स्वीकारत नाहीत, तशी मुभा मुद्दाम द्यावी लागते. दुसरा मार्ग एक्सटेस्ट या विस्ताराचा. माणसाच्या मदतीविना सर्व्हरची चाचणी घेता यावी म्हणून तो निर्माण झाला. त्यातील आज्ञांनी कळ दाबता व सोडता येते, माउसचे बटण दाबता येते, दर्शक हव्या त्या बिंदूवर नेता येतो. या घटना सर्व्हरच्या आतूनच निघत असल्याने त्यांच्यावर वरील खूण नसते. ज्या आज्ञावलीत मजकूर लिहिला जात आहे तिच्या दृष्टीने खरी कळ आणि ही कळ एकच.

या दोन मार्गांतील भेद लहानसा वाटतो, पण पाठचिकित्सकाला तो परिचित वाटावा असा आहे. पहिल्या मार्गाने आलेला मजकूर समासात लिहिलेल्या टिपणासारखा आहे. तो परका आहे हे दिसते. दुसऱ्या मार्गाने आलेला मजकूर मूळ ओळींच्या मध्ये, त्याच वळणात आणि त्याच शाईत लिहिलेल्या ओळीसारखा आहे.

३

या साधनांना सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. हात चालत नसलेल्या व्यक्तीला पडद्यावरील कळफलकावरून केवळ निर्देशाने लिहिता येते, ते याच सोयीमुळे. बोललेले शब्द थेट खिडकीत उतरवणारी साधनेही अखेरीस घटनाच घडवतात किंवा तिच्याशी समांतर वाटेने अक्षरे पोहोचवतात. ज्या स्त्रीला गाणी शेकड्याने पाठ आहेत परंतु अक्षरओळख नाही, तिच्यासाठी अशी साधने उद्या वरदान ठरू शकतात.

जुन्या मजकुराच्या उद्धाराचे कामही यांत येते. १९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणीसाठी जे टंक रूढ झाले त्यांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले होते. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. त्यामुळे असा टंक हाताशी नसला की मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग होऊन बसतो. तो युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतराचे तक्ते वापरले जातात. परंतु मूळ आज्ञावलीतून मजकूर बाहेर काढण्याची दुसरी सोय नसेल, तेव्हा एकामागून एक धारिका उघडणे, मजकूर निवडणे, त्याची नक्कल उचलणे आणि नव्या खिडकीत उतरवणे ही सारी कामे कृत्रिम कळघटना आणि कृत्रिम माउसघटना यांच्याकडून करवून घेता येतात. शेकडो धारिकांचे काम यामुळे माणसाच्या पाठीवरून उतरते.

या उपयुक्ततेतच धोका दडलेला आहे. कृत्रिम माउस पडद्याकडे पाहत नाही. त्याला सांगितलेल्या बिंदूवर तो जातो आणि बटण दाबतो. दरम्यान एखादी सूचनेची चौकट मध्येच उघडली, तर तो आघात भलत्याच ठिकाणी होतो. मजकुराचा शेवटचा भाग निवडीत आला नाही, तर एखादे कडवे मागेच राहते. ज्या अक्षराला कळफलकावर जागा नाही ते उमटवण्यासाठी काही साधने एक रिकामा कळक्रमांक क्षणभर त्या अक्षराला बहाल करतात, कळ दाबल्याची घटना घडवतात आणि मग तो क्रमांक पुन्हा मोकळा करतात. मजकूर स्वीकारणाऱ्या आज्ञावलीने बदललेला तक्ता वेळेवर वाचला नाही, तर एका अक्षराच्या जागी दुसरेच पडते. पाठचिकित्सेने सांगितलेले लोप आणि विपर्यास हे दोन्ही दोष येथे नव्या रूपाने भेटतात. तरी हे दोष अनवधानाचे होत. ते विसंगत असतात आणि म्हणूनच सावध वाचकाच्या नजरेस पडतात. खरी चिंता वाटावी असा दोष तिसरा आहे, आणि तो सुसंगत असतो.

४

टंकलेखक काय लिहीत आहे हे ऐकत राहायचे, ठरावीक शब्द आला की तो पुसायचा आणि त्याच्या जागी दुसरा लिहायचा, असे काम करणारी साधने सर्वत्र वापरात आहेत. एक्सच्या व्यवस्थेत अशी साधने एका बाजूने कळघटनांची नोंद ऐकतात आणि दुसऱ्या बाजूने एक्सटेस्टच्या मार्गाने नव्या घटना सोडतात. संक्षेपाचा विस्तार करणे किंवा नेहमीची टंकनदोषदुरुस्ती करणे हा त्यांचा मूळ हेतू. नियमांची यादी मात्र जो कोणी तयार करील त्याच्या भाषाज्ञानाएवढीच शहाणी असते, आणि सर्वसाधारण शब्दसंग्रह प्रमाण मराठीवर बेतलेले असतात.

खानदेशात जी माणसे ‘डोळा’ न म्हणता ‘डोया’ म्हणतात, त्यांच्या गाण्याचे टंकन चालू आहे असे समजावे. टंकलेखक ‘डोया’ लिहून जागा सोडतो. इन्स्क्रिप्टवर त्यासाठी १० घटना घडतात. दुरुस्तीचे साधन हा शब्द अशुद्ध मानून पूर्ण शब्द आणि मागची जागा पुसते. त्यासाठी मागे सरकण्याची कळ पाच वेळा, म्हणजे पुन्हा १० घटना. मग ‘डोळा’ आणि एक जागा यांसाठी १२. माणसाच्या १० घटनांवर यंत्राच्या २२ घटना चढतात, आणि हे सर्व पापणी लवण्याच्या आत उरकते. टंकलेखकाचे लक्ष ध्वनिफितीकडे असेल तर त्याला काही घडल्याचे कळतही नाही. जतन झालेल्या धारिकेत राहतो तो ‘डोळा’. ‘डोया’ कधी लिहिला गेला होता याचा तीत कोणताही पुरावा उरत नाही.

अहिराणीच्या बाबतीत परिणाम अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘मला’ या अर्थी अहिराणीत ‘माले’ म्हणतात. प्रमाण शब्दसंग्रहाला हा शब्द अनोळखी, तेव्हा तो बदलला जाण्याचा संभव मोठा. ‘माझा’, ‘माझी’ या अर्थी ‘मना’, ‘मनी’ ही रूपे येतात. ती मात्र प्रमाण मराठीत ‘मन’ या शब्दाची रूपे म्हणून शुद्ध ठरतात आणि जशीच्या तशी सुटतात. परिणामी ‘मला’ आणि ‘मना’ एकाच वाक्यात शेजारी नांदू लागतात. अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेडा यांपैकी कोणत्याही गावी कोणीही कधी बोलली नसेल अशी एक भाषा संहितेत तयार होते. उद्याचा अभ्यासक या मिश्रणाला बोलीवरील प्रमाणभाषेच्या प्रभावाचा पुरावा समजून त्यावर प्रबंध लिहील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

येथे पणाला लागलेली गोष्ट केवळ काही शब्दरूपांची नाही. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात केला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांबरोबर, त्यांनी तिला स्थान दिले. खानदेशी ही मराठीची बोली, की गुजराती, राजस्थानी आणि मराठी यांच्या संगमावर वाढलेली स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. या वादाचा निकाल लावावयाचा तर तो शब्दरूपे, प्रत्यय आणि ध्वनी यांच्या साक्षीनेच लावावा लागेल. साक्षीदाराच्या तोंडची वाक्ये कोणी परस्पर बदलत असेल, तर त्या साक्षीचे मूल्य काय राहिले? ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे, ‘ला’च्या जागी ‘ले’ येणे हे यंत्राला टंकनदोष दिसतात. भाषाशास्त्राला तो इतिहास आहे.

५

मराठीच्या पाठपरंपरेने हस्तक्षेप कधीच नाकारला नाही. तिने नाकारला तो अघोषित हस्तक्षेप. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे शुद्धीकरण त्यांनी लपवले नाही, त्याचा काळ नोंदवला, आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असा स्पष्ट इशारा दिला. पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, तिथी आणि स्थळ देत असत, आणि समोर जशी प्रत होती तशी उतरवली, दोष आपल्याकडे नसावा, अशी विनवणीही करीत. तिला नम्रतेचा संकेत म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. ती जबाबदारीची वाटणी होती.

चुकलेले अक्षर पुसण्यासाठी पोथीत हरताळ फासत. पिवळ्या हरताळाखालचे अक्षर रद्द झाले हे दिसे, आणि येथे काही होते हेही दिसे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आज सर्वनाशाच्या अर्थाने वापरला जात असला तरी मुळातला हरताळ प्रामाणिक होता, कारण तो रंग ठेवून जाई. मागे सरकण्याच्या कळीला रंग नाही.

या संदर्भात धुळ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच नगरीत समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी बाडे आहेत. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, नकलेची नक्कल कोणती, ही विचारणा या दोन संस्थांच्या पायातच घातलेली आहे. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या संहितेवर पुढे जी चर्चा झाली तीही प्रत आणि तिचे प्रामाण्य यांभोवतीच फिरली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत प्रक्षिप्त ठरलेले श्लोक फेकून देण्यात आले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या प्रतीत आढळले याच्या नोंदीसह ठेवले गेले. प्रक्षेपाशी वागण्याची याहून योग्य रीत दाखवता येणार नाही.

जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण प्रश्नाच्या गाभ्याला जाऊन भिडते. असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तलेल्या या कवयित्रीला लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी कागदावर टिपून घेतल्या, आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंच्या काव्यातील एकही अक्षर त्यांच्या स्वतःच्या हातचे नाही. तरीही ते काव्य त्यांचेच आहे याबद्दल संदेह नाही. कारण लिहिणारा हात कोणाचा होता हे माहीत आहे. तो हात त्याच घरातला, त्याच बोलीत वाढलेला होता, आणि त्याच्या वाचनाची परीक्षा करता येते. म्हणजे हात परका असणे हा दोष नव्हे. हात अज्ञात असणे हा दोष आहे.

६

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की सर्वच टंकन मध्यस्थीने होते. इन्स्क्रिप्टवरील ‘न’, टंकयंत्राच्या धर्तीच्या मांडणीवरील ‘न’ आणि उच्चारानुसारी मांडणीवरील ‘न’ या निरनिराळ्या कळा आहेत. पहिली वेलांटी टंकयंत्राच्या रीतीत व्यंजनाच्या आधी लिहितात, इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. मग कृत्रिम घटनेलाच प्रक्षेप का म्हणावे? याचे उत्तर असे की मांडणी कोणतीही असो, टंकलेखकाच्या मनातील अक्षर आणि धारिकेतील अक्षर एकच राहते. मध्यस्थी मार्ग बदलते, प्रक्षेप अक्षर बदलतो. पडद्यावरील कळफलकाने घडवलेली कृत्रिम घटना म्हणूनच प्रक्षेप नव्हे, आणि शब्द परस्पर बदलणारी घटना मात्र निश्चितपणे प्रक्षेप होय. दोष साधनात नाही, अघोषित बदलात आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एक्सटेस्टची घटना खऱ्या घटनेपासून वेगळी ओळखताच येत नसेल तर तक्रार करून काय उपयोग? ही अडचण वाटते तेवढी दुर्लंघ्य नाही. एक्सच्या पुढील काळातील सर्व्हरमध्ये एक्सटेस्टचा कळफलक आणि एक्सटेस्टचा दर्शक ही स्वतंत्र आभासी उपकरणे म्हणून यादीत दाखवली जातात. आज्ञावलीने मुद्दाम विचारले, तर घटना कोणत्या उपकरणाकडून आली हे तिला कळू शकते. विंडोज प्रणालीतही खालच्या थरावर ऐकणाऱ्या आज्ञावलीला घटना बाहेरून घुसवलेली असल्याची खूण वाचता येते. २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेने तर एका आज्ञावलीने दुसरीच्या खिडकीत परस्पर कळा दाबण्याचा खुला मार्ग मुळातच ठेवला नाही. तशी सोय हवी असेल तर पडद्याच्या व्यवस्थापकाच्या संमतीने, वेगळ्या दाराने यावे लागते. तात्पर्य, अभियंत्यांनी सुरक्षिततेच्या काळजीपोटी हा प्रश्न ओळखला आहे. घटनेच्या उगमाची नोंद शक्य आहे. ती धारिकेपर्यंत पोहोचत नाही, कारण ती पोहोचावी अशी मागणी भाषेच्या अभ्यासकांकडून आलेली नाही.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. खानदेशी बोलींत लेखनाचा एकच संकेत रूढ नाही. एकाच शब्दाची दोनतीन रूपे आढळतात. यंत्राने ती एकसारखी केली तर बोलीला प्रतिष्ठाच लाभेल, असे काहींना वाटते. एकरूप लेखनाची इच्छा न्याय्य आहे. परंतु ते एकरूपत्व बोलणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवलेले असावे, शब्दसंग्रह रचणाऱ्याच्या अज्ञानातून उद्भवलेले नसावे. शिवाय साक्रीचे रूप आणि चाळीसगावचे रूप निराळे असेल, तर तो भेद आधी नोंदला गेला पाहिजे. एकरूप आवृत्ती नंतर केव्हाही काढता येते. हरवलेला भेद नंतर मिळत नाही.

७

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक अपेक्षा पुढे येतात. मौखिक सामग्रीच्या प्रत्येक टंकित संहितेबरोबर ध्वनिमुद्रण आणि पहिले, अस्पर्शित टंकन जतन केले जावे. त्यानंतरचे बदल निराळ्या प्रतीत, कोणी, केव्हा आणि कशाच्या साह्याने केले या नोंदीसह व्हावेत. बोलीचे टंकन चालू असता आपोआप दुरुस्ती करणारी सर्व साधने बंद ठेवावीत आणि ती बंद होती असे लिहून ठेवावे. जुन्या टंकांतून रूपांतर करताना वापरलेला तक्ता संहितेसोबत द्यावा. यंत्राकरवी धारिका उतरवल्या असतील तर मूळ आणि उतरलेल्या ओळींची संख्या ताडून पाहावी, म्हणजे मागे राहिलेले कडवे ध्यानात येईल. बोलीसाहित्यावरील प्रबंधांत संहितेच्या सिद्धतेविषयी एक पान सक्तीचे असावे. त्यात कळफलकाची मांडणी, साधने आणि टंकलेखकाची मातृबोली यांचा उल्लेख यावा. टंकलेखक लेवा गणबोली बोलणारा आहे की अहिराणी, हे कळल्यावाचून त्याच्या चुकांचा अर्थ लावता येत नाही.

यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. लागते ती सवय, आणि सवय लावण्याचे स्थान विद्यापीठाचा मराठी विभाग हेच आहे. १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. ज्या कवयित्रीचे शब्द दुसऱ्याच्या हाताने लिहिले गेले आणि तरी तिचेच राहिले, तिच्या नावाच्या विद्यापीठाने लिहिणाऱ्या हाताची नोंद ठेवण्याचा आग्रह धरावा, यात औचित्य आहे. पोथीच्या लेखनिकाने समाप्तिलेखात जे चार शब्द लिहिले तेच चार शब्द संगणकीय संहितेच्या अखेरीस यावेत : कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशावरून लिहिले, आणि मध्ये काय बदलले. एवढे असले म्हणजे कृत्रिम घटना कितीही घडोत, त्यांचा प्रक्षेप होणार नाही.